मित्राच्या कानात शिट्टी वाजते. रॉक शोला आता दोघांनी जावं का?

म्हापशेकार

नमस्कार मंडळी. हे लिहू की नको, असं महिनाभर चाललं होतं. आज लिहितोच.

माझा एक मित्र आहे. मी त्याला पात्रांव म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो. आठवीपासून एका बाकावर. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक जण कॅसेटी विकायला बसायचा. त्याच्याकडून आम्ही अर्धे-अर्धे पैसे घालून पहिली रॉक कॅसेट घेतली. एक आठवडा त्याच्या घरी, एक आठवडा माझ्या.

पहिला मोठा प्रवास २००७ चा. १७ मार्च, बेंगळुरूचं पॅलेस ग्राउंड, आयर्न मेडन. म्हापशाहून रात्रीची बस धरली, घाटात दोघांनाही झोप नाही, सकाळी मॅजेस्टिकला उतरून इडली-वडा खाल्ला आणि थेट मैदानावर. फाटक उघडायला सहा तास होते. आधी आपल्याकडचा परिक्रमा बँड वाजवून गेला, रॉकमध्ये व्हायोलिन मी पहिल्यांदा तिथे प्रत्यक्ष ऐकलं. मेडन स्टेजवर आले तेव्हा पात्रांवने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ दिसत होते. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला मुंबईत बीकेसीला पुन्हा तेच. त्या दौऱ्यात त्यांचा गायक स्वतः बोईंग ७५७ उडवत गावोगाव फिरत होता, आणि आम्ही दोघे कोकणकन्येच्या जनरल डब्यात पेपर अंथरून बसलो होतो. मग ३० ऑक्टोबर २०११, बेंगळुरू, मेटॅलिका. पाऊस, घोट्यापर्यंत चिखल. अगदी अलीकडचं म्हणजे १७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स, गन्स एन' रोझेस.

प्रत्येक वेळी आमची जागा ठरलेली. पुढच्या बॅरिकेडला टेकून, स्टेजच्या डाव्या अंगाला, स्पीकरच्या भिंतीजवळ.

महालक्ष्मीहून परत आलो आणि त्याच्या कानातली शिट्टी थांबलीच नाही. पूर्वी दोन दिवसांत जायची. या वेळी चतुर्थी आली, दिवाळी गेली, शिट्टी तशीच. कानाच्या डॉक्टरांनी चाचणी केली. दोन्ही कानांत वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी झालंय, डाव्यात जास्त. डाव्यात का, ते मला ठाऊक आहे. स्पीकर नेहमी डावीकडे असायचा. आणि दर वेळी "पुढे चल, पुढे चल" म्हणून गर्दीतून त्याला ओढत नेणारा मीच.

पुढच्या हंगामात मुंबईत परत एक मोठा बँड येणार असं कानावर आहे. तो म्हणतो, "तूं वच, हांव येना." (तू जा, मी येत नाही.) मी आजवर एकही शो एकट्याने पाहिलेला नाही. एकटा जाऊ? त्याला घेऊन मागे उभा राहू? की दोघांनी हे सगळं आता बंद करायचं? कोणाला असा अनुभव असेल तर सांगा.

दूधसागर

वाचतोय. तो दंडावरचा वळ वाचून माझाच हात चोळला गेला.

लोंढा_जंक्शन

एकटे जा. खरंच सांगतो. मी गेली दहा वर्षं एकटा जातो आणि त्यात काही कमी पडत नाही. कोणाला भूक लागली, कोणाला बाथरूमला जायचंय, कोणाला शेवटच्या गाण्याआधी निघायचंय, असली कटकट नाही. तुम्ही आणि बँड. गर्दीत शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस तीन गाण्यांत मित्र होतोच.

अबोली_फोंडा

लोंढाभाऊंशी असहमत. तीन गाण्यांचा मित्र आणि परतीच्या गाडीतला मित्र या वेगळ्या गोष्टी आहेत. शो दोन तासांचा असतो. मला त्याहून जास्त आठवतो तो नंतरचा प्रवास. घसा बसलेला, पाय सुजलेले, आणि शेजारी एक माणूस असा की ज्याला "ते दुसऱ्या गाण्यानंतर काय झालं ते पाहिलंस ना?" एवढंच विचारायचं असतं.

मी आणि माझी मैत्रीण फोंड्याहून जायचो. घरून परवानगीचा प्रश्न मोठा होता. दोघी मिळून जाणार म्हटल्यावर दोन्ही घरच्या आयांनी एकमेकींना फोन केले आणि मगच होकार आला. मॉश पिटबद्दल, म्हणजे स्टेजपुढच्या त्या धक्काबुक्कीबद्दल, आईला कसं समजवायचं? लोक एकमेकांवर आदळतात, हे खरं. पण माझी मैत्रीण तिथे पडली तेव्हा चार मुलांनी हात पसरून गोल कडं केलं, तिला उठवलं, एकाने तिची चप्पल शोधून आणून दिली. पडलेल्याला आधी उचलायचं, हा तिथला नियम आहे आणि तो पाळला जातो. बाजाराच्या गर्दीत मला जेवढी भीती वाटते तेवढी तिथे कधी वाटली नाही.

म्हापशेकार, तुम्ही स्वतःला दोष देताय ते वाईट वाटलं. तो काही हात बांधून आला नव्हता.

जुनी_कॅसेट

आम्हा जुन्या लोकांचाही एक अनुभव लिहून ठेवतो.

१९८० च्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघे मित्र इंडिपेंडन्स रॉक ऐकायला मुंबईला गेलो. तो महोत्सव १९८६ ला सुरू झाला, जागा धोबीतलावचं रंगभवन. कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्ण धावू लागली १९९८ ला. आम्ही मडगावहून मीटर गेजची गाडी धरली, लोंढामार्गे मिरजेला उतरलो, तिथे ब्रॉड गेजची गाडी बदलली. मिरज स्टेशनवर मध्यरात्री दोघांनी एकच चादर पांघरली होती. ऑगस्टचा पाऊस. मुंबईत पोहोचलो तेव्हा अंगाला कोळशासारखा वास येत होता.

आणि तिथे उघड्यावर, भिजत, आपल्याच देशातली पोरं स्वतःची गाणी वाजवतायत! तोवर आम्हाला वाटायचं, रॉक म्हणजे बाहेरून येणारी वस्तू. रॉक मशीन हा बँड ऐकला आणि ते सगळं मनातून गेलं. पुढे रंगभवनातला आवाजच बंद झाला, शेजारी रुग्णालय आणि कॉलेज असल्याने तो शांतता विभाग ठरला. आजही त्या फाटकावरून गेलो की मी थांबतो.

माझा तो मित्र आता ऐकायला येत नाही, गुडघे गेले. मी त्याला अजूनही फोनवर शोची हकिकत सांगतो. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रमाने. तो मधे प्रश्न विचारतो.

कोथरूडची_पाहुणी

थोडं अवांतर, माफ करा. मी आणि माझी मैत्रीण जानेवारीत गोव्याला येतोय, खास बँड ऐकायला. डीजे नकोत. खरी गिटार, खरे ड्रम. कुठे जायचं?

शिवोलीकर

पाहुणीताई, प्रश्न बरोबर विचारलात. सगळ्यांना गोवा म्हणजे ट्रान्स, ते इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, वाटतं. पण १९७० च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी मंडळी जमायची तेव्हा तिथे गिटारवाले बँडच वाजायचे. टेपवरचं इलेक्ट्रॉनिक संगीत आलं ते त्यानंतर, ८० च्या दशकात.

आता जायचं कुठे:

हडफडेचा (आर्पोरा) शनिवारचा रात्रबाजार. नोव्हेंबर ते एप्रिलच्या आसपास असतो, मधोमध स्टेज आणि लाइव्ह बँड. खायला-प्यायला मुबलक. बागा-कळंगुट पट्ट्यात काही जुन्या जागा आहेत जिथे आठवड्यातले ठरलेले वार बँडसाठी राखलेले असतात, जाण्याआधी फोन करून विचारा. पणजीत डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो, २०१६ पासून. तुम्ही जानेवारीत येताय म्हणजे तो हुकेल, पुढच्या वेळी बघा.

उघड्यावरचं सगळं लवकर सुरू होतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत मुभा देऊ शकतं, तेवढंच. म्हणून "गोव्यात रात्री अकराला जाऊ" असा बेत करू नका. साडेसहा-सातला पोहोचा.

स्कूटर भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी देतो कोणी म्हटलं तर नको म्हणा, पोलिसांनी अडवलं की संध्याकाळ वाया. आणि प्यायचं असेल तर स्कूटर नकोच. मोटारसायकल पायलट असतात, त्यांच्या मागे बसा. एका गाडीवर एकच बसणार, तुम्ही दोघी म्हणजे दोन पायलट.

दूधसागर

बंद क्लबात जाणार असाल तर आत शिरल्यावर दुसरं दार कुठे आहे ते आधी बघून ठेवा. २०२५ च्या डिसेंबरात हडफडेला क्लबात आग लागून २५ माणसं गेली. माझ्या गावचा एक मुलगा अशाच दुसऱ्या एका क्लबात स्वयंपाकघरात काम करतो. त्या रात्री त्याच्या आईने आमच्या दारात येऊन सगळ्यांना फोन लावायला सांगितलं होतं. तो सुखरूप होता. पण तेव्हापासून मी आत शिरलो की आधी दारं मोजतो.

कोथरूडची_पाहुणी

लक्षात ठेवीन. मनापासून आभार दोघांचे.

लोंढा_जंक्शन

शॅकमध्ये परदेशी गाण्यांच्या नकला करणारे बँड ऐकायला पुण्याहून यायचं? माफ करा, पण कव्हर बँड म्हणजे रॉक नव्हे. स्वतःचं गाणं नाही तो बँड कसला?

साउंडचेक

लोंढाभाऊ, हे मला लागलं.

मी गोव्यात वीस वर्षं साउंडचं काम करतोय. लग्नं, फेस्तं म्हणजे चर्चचे उत्सव, तियात्र म्हणजे कोंकणी नाटकं, कॉर्पोरेट, सगळं. तुम्ही ज्यांना नकला करणारे म्हणताय ती पोरं शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये लग्नाला वाजवतात. आधी वॉल्ट्झ, मग जाइव्ह, मग मसाला, म्हणजे आपली कोंकणी-पोर्तुगीज नाचाची गाणी एकामागून एक. रात्री तीच पोरं शॅकमध्ये क्लासिक रॉक वाजवतात. आणि मंगळवारी, कोणी पैसे देत नसताना, कोणाच्या तरी गॅरेजात स्वतःची गाणी बसवतात. सोमवारी त्यांच्या नोकऱ्या असतात. कव्हर वाजवून मिळालेल्या पैशांतून ते ॲम्प्लिफायरचा हप्ता भरतात. आमच्या लहानपणी गावोगावच्या फेस्तांना बँडचे बीट शो व्हायचे, तेव्हाही हेच होतं. चार तास दुसऱ्याची गाणी वाजवून वाजवून हात तयार होतो.

गायक रेमो फर्नांडिस आपल्या शिवोलीचेच. १९८४ च्या सुमाराला घरात चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर स्वतः सगळी वाद्यं वाजवून कॅसेट काढली. तो माणूसही आधी बँडमधून दुसऱ्यांची गाणी वाजवतच वाढला.

लोंढा_जंक्शन

साउंडचेक, शब्द मागे घेतो. गॅरेजातल्या मंगळवारबद्दल मला माहीत नव्हतं. पुढच्या मंगळवारी कुठे असतं ते सांगा, येतो.

घुमटकार

साउंडचेक यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि त्यात माझी भर. मी घुमट, म्हणजे कातडं लावलेलं मातीचं वाद्य, वाजवतो आणि बास गिटारही. आमच्या गावच्या सुंवारीत, म्हणजे सामूहिक वादनात, घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कांसाळें (झांज) एकत्र वाजतात. ती लय आतून चढत जाते, तेव्हा जे होतं तेच मला चांगल्या ड्रमरसमोर उभं राहिल्यावर होतं. पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लागायचं. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं. आता बकऱ्याचं लावतात. काही वर्षं घुमट कोणी हातात घेईना. मग २०१९ ला त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला आणि पोरं परत शिकायला लागली.

कानाचा विषय निघालाय म्हणून सांगतो, चतुर्थीला बंद खोलीत दहा घुमटं आणि कांसाळें वाजतात तेव्हा आवाज काही कमी नसतो. माझ्याही कानात दुसऱ्या दिवशी सूं होतं. म्हापशेकारांनी लिहिलं तेव्हा पहिल्यांदा हे डोक्यात आलं. यावर कोणी जाणकार बोलेल का?

कानसेन

मी बोलते. माझं काम श्रवण-चाचणीचं आहे, रोज असे लोक समोर बसतात.

आपल्या अंतःकर्णात बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या आवाजाची थरथर मेंदूपर्यंत पोहोचवतात. मोठ्या आवाजाने त्या वाकतात. थोडक्यात निभावलं तर सावरतात, दोन दिवसांत शिट्टी जाते ती अशी. वारंवार झालं की मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. वरच्या पट्टीच्या पेशी आधी जातात. म्हणून झांजेचा शेवटचा झणकार, पक्ष्यांचा आवाज, शब्दांतले स आणि श हरवतात. आणि जे हरवलं त्याची भरपाई मेंदू स्वतःच आवाज तयार करून करतो, असं मानलं जातं. तोच कर्णनाद.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. दर ३ डेसिबलनी वेळ निम्मा करायचा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० ला किती उरले? पंधरा मिनिटं. मोठ्या रॉक शोला बॅरिकेडजवळ १०० च्या वर सहज जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं, त्यात कमाल पातळी सरासरी १०० डेसिबल धरली आहे. त्यातच लोकांना कानाचे बोळे उपलब्ध करून द्यावेत आणि शांत बसायला एक जागा असावी, असंही म्हटलंय.

आता बोळ्यांबद्दल. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे आवाज भरपूर अडवतात, पण वरचा जास्त आणि खालचा कमी. म्हणून गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठी वेगळे, आत गाळणी असलेले बोळे असतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या उतरवतात. गाणं तसंच राहतं, फक्त लहान होतं. फोमचे घालायचे तर चिमटीत गुंडाळून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवा. बहुतेक लोक नुसते टोकाशी अडकवतात. त्याने काही होत नाही.

म्हापशेकार, तुमच्या मित्राला एवढं सांगा की कर्णनाद असणं म्हणजे संगीत संपलं असं नाही. द हू बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी स्वतःच्या कर्णनादाबद्दल उघडपणे सांगितलंय. एसी/डीसी बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये कानांमुळे दौरा अर्धवट सोडावा लागला, पुढे ते पुन्हा स्टेजवर उभे राहिले. मात्र त्याने आधी त्याच्या डॉक्टरांना विचारावं. ते नको म्हणाले तर नको. आणि घुमटकार, तुमच्या त्या दहा घुमटांच्या खोलीतही बोळे घाला.

घुमटकार

ताई, या चतुर्थीला नक्की. देव बरें करूं (आभार).

स्विंडनचा_डिचोलकर

मला मित्र सोबत नसण्याबद्दल लिहायचंय.

मी मूळ डिचोलीचा. पोर्तुगीज पासपोर्टवर इकडे आलो, आता इंग्लंडमध्ये स्विंडनला एका गोदामात काम करतो. इथे आपली गोंयकार माणसं खूप आहेत. माझा जोडीदार मित्र मागे राहिला, आई आजारी म्हणून. आम्ही दोघांनी मिळून शिलाँगपर्यंत प्रवास केलेला. डिसेंबर २००७, स्कॉर्पियन्स. गोव्यातून गुवाहाटी, ट्रेनवर ट्रेन, मग सुमोत दाटीवाटीने शंभर किलोमीटर चढण. शिलाँगमध्ये चहावाल्यापासून सगळ्यांना ती गाणी पाठ होती. आम्हाला घरी आल्यासारखं वाटलं.

इथे जूनमध्ये डोनिंग्टनला डाउनलोड महोत्सव असतो. एकदा मी गेलो. जे मोठे बँड आम्ही म्हापशात कॅसेटीवर ऐकले ते एका मैदानावर. आणि लोंढाभाऊ, मला ते एकट्याने जमलं नाही. रात्री नऊला मुख्य बँड सुरू झाला, तेव्हा आपल्याकडे दीड वाजला होता. मी त्याला फोन लावला. तो उठून अंगणात आला, आईची झोप मोडू नये म्हणून. फोनवर नुसता खरखराट जात होता, गाणं कुठलं ते त्याला कळत नव्हतं. तो म्हणाला, "दवरूं नाका, आयकतां." (ठेवू नकोस, ऐकतोय.) चाळीस मिनिटं ऐकत राहिला. मला मधे त्याच्याकडचे रातकिडे ऐकू येत होते.

म्हापशेकार, तुमचा मित्र तुमच्या जवळच आहे. मी असतो तर त्याच्याशिवाय गेलो नसतो.

अबोली_फोंडा

डिचोलकर, हे वाचून मी आत्ता माझ्या मैत्रिणीला फोन केला. पाच वर्षांनी.

साउंडचेक

म्हापशेकार, माझ्या कामातलं सांगतो. तुम्ही वीस वर्षं सर्वांत वाईट जागेवरून शो ऐकलात. बॅरिकेडजवळ, एका बाजूच्या स्पीकरखाली, तुम्हाला अर्धाच बँड ऐकू येतो. खालचे सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, छातीत आदळतात, गायकाचा आवाज डोक्यावरून मागे जातो. सगळं मोजून-मापून बसवलेलं असतं ते कन्सोलपाशी, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलापाशी. साउंडवाला मैदानात मधोमध, स्टेजकडे तोंड करून उभा असतो. त्याला जे ऐकू येतं तेच तो तुम्हाला देत असतो. त्याच्या कठड्याला टेकून उभे राहा. आम्ही हाकलत नाही, फक्त बाटली कन्सोलवर ठेवू नका.

अंतराचा हिशोबही सोपा आहे. उघड्यावर साध्या स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मोठ्या शोला उंचावर टांगलेल्या लांब रांगा असतात, त्यांचा तेवढा उतरत नाही, कारण मागच्यांनाही ऐकू जावं म्हणूनच त्या लावलेल्या असतात. तरीही बॅरिकेड आणि कन्सोल यांत फरक मोठा पडतो. कानसेनताईंचा हिशोब धरला तर ६ डेसिबल म्हणजे चौपट वेळ.

जुनी_कॅसेट

हे आम्हाला तरुणपणी कोणी सांगितलं असतं तर!

कोथरूडची_पाहुणी

आम्ही दोघींनी गाळणीवाले बोळे मागवले. हा धागा माझ्या भावालाही पाठवलाय, तो ड्रम वाजवतो.

लोंढा_जंक्शन

म्हापशेकार गेले कुठे? पंधरा दिवस झाले.

म्हापशेकार

इथेच आहे. तुम्हा सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. डिचोलकरांचं मी पात्रांवला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने काही म्हटलं नाही, उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळाने आत आला.

कानसेनताईंनी सांगितलं तसं आधी डॉक्टरांकडे गेलो. मी सोबत गेलो, आणि माझीही चाचणी करून घेतली. माझ्याही डाव्या कानात उतार सुरू झालाय, त्याच्याइतका नाही. तो कागद पाहून तो मला म्हणाला, "बघ, तूही माझ्याबरोबरच उभा होतास." तेव्हा मी त्याला सांगितलं, की पुढे ओढणारा मी होतो, ही गोष्ट मला सतत टोचत होती. त्याला आश्चर्य वाटलं. त्याच्या आठवणीत बेंगळुरूला मला ओढून नेणारा तो होता. यावर आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर अर्धा तास वाद घातला.

डॉक्टरांनी नको म्हटलं नाही. बोळे हवेतच, पुढे जायचं नाही, मधून-मधून बाहेर येऊन कानांना विसावा द्यायचा आणि शिट्टी वाढली तर त्या दिवशी तिथेच थांबायचं.

मुंबईआधी घरच्या घरी करून बघू म्हटलं. गेल्या शनिवारी शेजारच्या गावात फेस्त होतं, संध्याकाळी मैदानात बँड. पोरं विशी-बाविशीची. आम्ही कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) पायऱ्यांवर बसलो, मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. पहिली दोन गाणी त्याने बोळे घालून हात कानांवर ठेवूनच ऐकली, घाबरून. मग एक हात काढला. मग दुसरा. तिसऱ्या गाण्यात तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बास ऐकू येतोय रे. काय वाजवतोय तो पोर!" वीस वर्षांत आम्ही शोमध्ये बासबद्दल कधी बोललोच नव्हतो, आम्हाला तो कधी वेगळा ऐकूच आला नव्हता.

आणि अजून एक. पुढे बॅरिकेडजवळ आम्हाला एकमेकांशी बोलता यायचं नाही. खुणाच करायच्या. त्या पायऱ्यांवर आम्ही प्रत्येक गाण्यावर बोललो. दहाला दोन मिनिटं असताना पोरांनी आवरतं घेतलं आणि शेवटचं त्यांचं स्वतःचं गाणं वाजवलं, कोंकणीतलं. साउंडचेक, तुमचा मंगळवार आठवला.

घरी आल्यावर शिट्टी तेवढीच होती. वाढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्याला विचारलं, सोमवारीही विचारलं. नाही वाढली.

मुंबईला दोघे जातोय. कन्सोलचा कठडा, साउंडचेक, तुमच्या शब्दावर. कोणी सांगेल का, मांडवी एक्सप्रेसने जावं की कोकणकन्येने? त्याला रात्रीच्या गाडीत शांततेत शिट्टी जास्त जाणवते, झोप लागत नाही.

जुनी_कॅसेट

मग मांडवीने जा. दिवसाची गाडी, खिडक्या उघड्या, बोगद्यांचा आवाज भरपूर. आणि खायला सारखं काहीतरी येत राहतं.

दूधसागर

मांडवी. डाव्या कानाचं बघून जागा घ्या, त्याचा उजवा कान तुमच्याकडे असू दे.

म्हापशेकार

हे मला सुचलं नव्हतं. म्हणजे मी त्याच्या उजवीकडे. तशाच जागा काढतो.